डोलोमाइट्समध्ये आठवडाभर पायी: वाचकांचे प्रश्न

उत्तर इटलीतल्या डोलोमाइट पर्वतरांगेत एका निवाऱ्यापासून दुसऱ्या निवाऱ्यापर्यंत गटाने चालत जाण्याबद्दल गेल्या अंकात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांतले प्रश्न येथे घेतले आहेत. अनेकांनी एकच गोष्ट विचारली होती, तिथे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आम्ही दहा जण आहोत आणि चालायला सात दिवस आहेत. ‘आल्ता व्हिया 1’ सात दिवसांत होईल का?

पूर्ण होणार नाही, आणि करूही नये. ही वाट लागो दि ब्राइएस या तळ्यापासून दक्षिणेला बेल्लुनोपर्यंत जाते. लांबी सुमारे 120 किलोमीटर. तिला साधारण नऊ ते अकरा दिवस द्यावे लागतात. सात दिवसांत बसवायची तर अनेक दिवशी दोन टप्पे एकत्र करावे लागतील, आणि तिसऱ्या दिवशी गटातल्या निम्म्या लोकांचे गुडघे बोलायला लागतील. उत्तरेचा भाग घ्या आणि चिवेत्ता पर्वताखाली थांबा. देखाव्याच्या दृष्टीने तो भाग कुठेही उणा नाही.

टप्पे असे पाडता येतात. पहिल्या दिवशी ब्राइएसच्या तळ्यापासून (1,494 मीटर) चढून रिफूजो (म्हणजे निवारा) ब्येल्लावरून (2,327 मीटर) पुढे सेन्नेस किंवा फोदारा वेद्ला येथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी पेदेरूपर्यंत (1,548 मीटर) खाली उतरायचे आणि पुन्हा फानेस किंवा लावारेल्लापर्यंत पाचशे मीटर चढायचे. तिसरा दिवस सर्वांत अवघड. लिमो खिंड, मग फोर्चेल्ला देल लागो ही खिंड (2,486 मीटर), तिथून लागात्सुओइच्या तळ्याशी खडा उतार, आणि ताकद असेल तर त्याच दिवशी रिफूजो लागात्सुओइ (2,752 मीटर). चौथ्या दिवशी तोफाना पर्वताच्या पायथ्याने चिंक्वे तोर्री आणि रिफूजो अवेराऊ. पाचव्या दिवशी जाऊ (Giau) घाट, आंब्रिद्झोला खिंड आणि चित्ता दि फ्यूमे. सहाव्या दिवशी पेल्मो पर्वताच्या कुशीतून स्ताउलान्त्सा घाट आणि रिफूजो कोल्दाई. सातव्या दिवशी सकाळी कोल्दाई तळ्यापर्यंत जाऊन चिवेत्ताची वायव्य भिंत पाहायची आणि आल्लेगेला उतरायचे. ती भिंत हजार मीटरहून उंच आहे. 1925 मध्ये सोल्लेडर आणि लेटेनबाउअर यांनी ती सरळ रेषेत चढून आल्प्सच्या गिर्यारोहणाची मोजपट्टीच बदलली. तिच्यासमोर तासभर तरी बसायला मिळेल अशा बेताने त्या दिवसाची वेळ आखा.

तिसऱ्या दिवशी गट थकला असेल तर लागात्सुओइचा हट्ट धरू नका. तळ्यापासून खाली रिफूजो स्कोतोनी आहे. तिथे राहून सकाळी ताज्या पायांनी वर जा. दहा जणांच्या गटाला मी हाच सल्ला देईन. रात्र स्कोतोनीत आणि चढ सकाळच्या थंडीत.

प्रश्न : निवाऱ्यांचे आरक्षण कधी आणि कसे करायचे? आम्ही तारखा ठरवल्या, पण दोन ठिकाणी जागा नाही असे उत्तर आले.

क्रम उलटा झाला. या वाटेवर आधी तारखा ठरवून मग खाटा शोधायच्या नसतात. खाटा मिळतील तशा तारखा ठरवायच्या. दोन-तीन माणसांना कोपऱ्यात कुठेतरी जागा मिळून जाते, दहांना मिळत नाही.

सर्वांत आधी लागात्सुओइ (किंवा स्कोतोनी) आणि कोल्दाई यांना लिहा. लागात्सुओइला केबल कारने येणारी गर्दी असते, कोल्दाईच्या आसपास पर्याय नसतो. या दोन रात्री पक्क्या झाल्या की मधल्या जागा त्यांच्याभोवती बसवा. फानेसला जागा नसली तर लावारेल्ला दहा मिनिटांवर आहे. अवेराऊ भरले असेल तर स्कोयात्तोली किंवा चिंक्वे तोर्री, आणि चित्ता दि फ्यूमे भरले तर क्रोदा दा लागो, असे जोड पर्याय जवळ ठेवा. जुलै-ऑगस्टसाठी आदल्या हिवाळ्यातच पत्रव्यवहार सुरू करा. इटलीत 15 ऑगस्टच्या आसपास देशभर सुटी असते. ते दोन आठवडे टाळता आले तर जरूर टाळा.

पत्रात चार गोष्टी स्पष्ट लिहा : तारीख, माणसे, सामाईक दालन की छोट्या खोल्या, आणि रात्रीचे जेवण व न्याहारीसह मुक्काम. या शेवटच्या व्यवस्थेला तिथे ‘मेद्झा पेन्सिओने’ म्हणतात. माणशी साधारण 65 ते 100 युरो धरा, रस्त्यालगतच्या किंवा खासगी खोल्यांना जास्त. बरेच निवारे आगाऊ रक्कम मागतात. ती बँकेतून पाठवली की पावती जपून ठेवा. एखाद्याने ऐनवेळी अंग काढले तर निवाऱ्याला लगेच कळवा. न कळवता गैरहजर राहिल्यास आगाऊ रक्कम सहसा परत मिळत नाही, आणि वाटेवर वादळात अडकलेल्या दुसऱ्या कुणाची खाट तुम्ही अडवलेली असते.

इटालियन गिर्यारोहण संघटनेच्या (क्लब आल्पिनो इतालियानो, स्थापना 1863) निवाऱ्यांत सभासदांना आणि सहकारी संघटनांच्या सभासदांना सवलत असते. तुमच्याकडे तसे ओळखपत्र असेल तर बरोबर न्या.

प्रश्न : जून चांगला की सप्टेंबर?

सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. हवा स्थिर, दुपारची वादळे कमी, गर्दी ओसरलेली. बहुतेक निवारे 20 जूनच्या सुमारास उघडतात आणि 20 सप्टेंबरनंतर बंद होऊ लागतात, म्हणून सप्टेंबरमध्ये प्रत्येक निवाऱ्याची बंद होण्याची तारीख विचारून घ्या. जूनअखेरीस आणि जुलैच्या सुरुवातीला उत्तरेकडच्या खिंडींत बर्फ उरलेला असतो. फोर्चेल्ला देल लागोचा उतार बर्फाने भरलेला असेल तर दहा जणांना घेऊन तिथे उतरू नका. लिमो खिंडीनंतर कोल दे लोच्यावरून कापान्ना आल्पिनाला खाली जा आणि तिथून स्कोतोनी चढा. वाट लांबते, पण सुरक्षित आहे. आदल्या संध्याकाळी फानेसमध्ये विचारले की खिंडीची त्या दिवसाची स्थिती कळते.

प्रश्न : पाट्यांवर किलोमीटर नसतात, तास असतात. ते तास आमच्यासारख्यांना लागू होतात का?

ते तास न थांबता, सवयीने चालणाऱ्या माणसाचे असतात. आपला हिशेब आदल्या रात्री स्वतः मांडा. आल्प्समध्ये रूढ असलेला नियम सोपा आहे : तासाला 4 किलोमीटर सपाट, 300 मीटर चढ, 500 मीटर उतार. चढ आणि उताराचा वेळ एकत्र करा, अंतराचा वेळ वेगळा काढा. दोन्हींत जो मोठा असेल तो पूर्ण घ्या आणि लहान असेल त्याचा निम्मा त्यात मिळवा.

समजा 12 किलोमीटर, 900 मीटर चढ आणि 500 मीटर उतार आहे. चढ-उताराचे 3 अधिक 1, म्हणजे 4 तास. अंतराचे 3 तास, त्याचा निम्मा दीड. एकूण साडेपाच तास. दहा जणांच्या गटाला यात पाव भाग मिळवा, म्हणजे जवळपास सात तास. जेवणाची आणि फोटोंची थांबणी आणखी वेगळी. सकाळी साडेसातला निघालात तर चार-साडेचारला पोहोचाल. नऊला निघालात तर दुपारच्या गडगडाटात खिंडीवर असाल.

वाटांवर लाल-पांढरे पट्टे आणि क्रमांक असतात. अवघडपणा अक्षरांनी सांगतात : टी म्हणजे सोपी वाट, ई म्हणजे नेहमीची डोंगरी वाट, ईई म्हणजे घसारा, उघडे कडे आणि सवयीची पावले, ईईए म्हणजे तारा-शिड्यांची, हार्नेस आणि हेल्मेट लागणारी वाट. वर सांगितलेला मार्ग बहुतांश ई आणि थोडा ईई आहे. नुवोलाऊ शिखरावरून जाऊ घाटाकडे थेट उतरणारी रा गुसेलाची वाट तारांची आहे. गटाने ती न घेता अवेराऊवरून वळसा घालावा. लागात्सुओइच्या पोटातून उतरणारे पहिल्या महायुद्धातले बोगदे पाहण्यासारखे आहेत, पण हेल्मेट आणि हेडटॉर्च नसतील तर आत शिरू नका. पायऱ्या ओल्या आणि उंच-सखल आहेत, आणि गुडघ्याला तो उतार फार जड जातो.

प्रश्न : आमच्या गटात वीस ते बासष्ट वयाची माणसे आहेत. वेगवान मंडळी पुढे गेली तर चालेल का?

पुढे जाऊ द्या, पण प्रत्येक फाट्यावर थांबण्याच्या अटीवर. गट हरवतो तो फाट्यावरच. पुढचे डावीकडे वळतात, मधले गप्पांत सरळ जातात आणि शेवटचा एकटा पाटी वाचत उभा राहतो. एक जण लीडला, एक अनुभवी माणूस शेवटी. दोघांकडे नकाशा असावा. शेवटच्या माणसाच्या मागे कुणी राहता कामा नये. हळू चालणाऱ्याला मध्ये किंवा पुढून दुसऱ्या जागी ठेवा. तो शेवटी असला की बाकीचे थांबून विश्रांती घेतात, तो पोहोचताच सगळे उठतात, आणि ज्याला विश्रांती सर्वांत जास्त हवी त्याला ती मिळतच नाही. दिवसभर हे चालले की तो माणूस चौथ्या दिवशी खचतो. मग सगळे म्हणतात, तयारी कमी पडली. तयारी नव्हे, रांग चुकलेली असते.

गटाचा दिवस हळू माणसाच्या वेगाने आखा. वेगवानांना मुक्कामी पोहोचल्यावर जवळचे एखादे शिखर करू द्या. सेन्नेसच्या टप्प्यावर ब्येल्लामागचे क्रोदा देल बेक्को (2,810 मीटर) आहे, मात्र त्याच्या धारेवर तारांचा छोटा उघडा भाग लागतो, तेव्हा कोरड्या हवेतच. अवेराऊहून नुवोलाऊ (2,575 मीटर) अर्ध्या तासावर आहे. तिथला निवारा 1883 पासूनचा आहे आणि संध्याकाळचा प्रकाश तिथून अप्रतिम दिसतो.

पैसे घेऊन गट नेणाऱ्याबद्दलही एका पत्रात विचारणा आहे. इटलीत डोंगरी मार्गदर्शकाचा व्यवसाय 1989 च्या कायद्याने बांधलेला आहे. वाटाड्या नेमायचा तर परवानाधारकच नेमा आणि त्याच्याकडे ओळखपत्र मागायला संकोचू नका.

प्रश्न : सॅक किती वजनाची असावी? सामान गाडीने पुढे पाठवता येते का?

पाण्याशिवाय सात किलो. आठच्या वर गेली तर काहीतरी काढा. बहुतेक निवारे मोटाररस्त्यापासून दूर आहेत, त्यामुळे रोज सामान पाठवता येत नाही. मोठी बॅग शेवटच्या मुक्कामाच्या हॉटेलात आधीच पोहोचवा किंवा सुरुवातीच्या हॉटेलात ठेवून परत येऊन घ्या.

कपडे तीन जोड पुरतात : अंगावर एक, वाळत एक, संध्याकाळी निवाऱ्यात घालायला एक. लोकरीचा पातळ टी-शर्ट दोन-तीन दिवस वास न येता चालतो, सुती कपडा घामाने ओला राहून खिंडीवर थंडी भरवतो. पावसासाठी जॅकेट आणि पँट हवी. पोंचो घेऊ नका, वाऱ्यात तो डोक्यावर उडतो आणि पावले दिसत नाहीत. ऑगस्टमध्येही अडीच हजार मीटरवर बर्फ पडू शकतो, म्हणून टोपी, पातळ हातमोजे आणि एक उबदार जॅकेट सॅकच्या तळाशी असू द्या. झोपण्यासाठी चादरीची पिशवी (‘साक्को लेन्त्सुओलो’) बंधनकारक असते. घोंगडी तिथे मिळते. बूट बाहेरच्या खोलीत काढावे लागतात, तेव्हा आत घालायला हलक्या सपाता. सामाईक दालनात झोपणार असाल तर कानात घालायचे बोळे.

बूट नवे नकोत. किमान सहा-सात वेळा लांब चालून, उतारावरही वापरून पाहिलेले असावेत. उतारात बोटे पुढे आपटत असतील तर अर्धा नंबर मोठे घ्या, नाहीतर तिसऱ्या दिवशी नखे काळी पडतात. दोन ट्रेकिंग पोल घ्याच. कडक खडकावर, घसाऱ्यात आणि बर्फाच्या उरलेल्या पट्ट्यावर तोल त्यांनी सांभाळला जातो. उतारात गुडघ्यावरचा भारही कमी होतो.

प्रश्न : शाकाहारी माणसाचे तिथे कसे होते?

होते, पण आधी लिहिले असेल तर. स्वयंपाकाचे सामान वर ठरलेल्या दिवशीच येते, त्यामुळे ऐनवेळी सांगितले की उकडलेली भाजी आणि चीज यांवर भागते. आरक्षणाच्या पत्रातच लिहा : मांस नाही, मासे नाहीत, मांसाचा रस्साही नाही. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा ब्रोदो दि कार्ने’. तिसरा भाग विसरू नका, कारण भाज्यांचे सूप मांसाच्या पाण्यात शिजवलेले असू शकते.

कानेदेर्ली नावाचे पावाचे गोळे बऱ्याचदा स्पेक या डुकराच्या मांसाचे असतात. पालकाचे किंवा चीजचे मिळतात, पण अंडे त्यांतही असते. कोर्तिना गावाकडचे बिटाचे सारण भरलेले कासुंत्सिएइ लोण्यात आणि खसखशीत येतात, तेही पिठात अंडे घालूनच. अंडे वर्ज्य असेल तर पोलेन्ता म्हणजे मक्याच्या जाड पिठाचा सांजा, त्याबरोबर मशरूम किंवा भाजलेले चीज, भाताचे पदार्थ, कोरडा पास्ता आणि टोमॅटो हे भरवशाचे. पारमिजानो आणि ग्राना पादानो चीज वासराच्या जठरातील रेनेटने विरजतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी ‘सेन्त्सा फोर्माज्जो’ सांगावे. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी कोरडा खाऊ बरोबर न्यावा, एवढी सोय निवाऱ्याकडून अपेक्षू नये.

दुपारच्या जेवणासाठी सुकामेवा, चिक्की, पाव आणि चीज सॅकमध्ये ठेवा. मधल्या निवाऱ्यावर सूप मिळते, पण दहा जणांची ऑर्डर दुपारी एक वाजता दिली की एक तास जातो.

प्रश्न : पाणी कुठे भरायचे?

जिथे मिळेल तिथे. सेन्नेस आणि फानेसच्या पठारांवरचा चुनखडक पाणी पिऊन टाकतो, त्यामुळे नकाशावर ओढा दिसला तरी कोरडा असू शकतो. सकाळी दीड ते दोन लिटर घेऊनच निघा. नळावर ‘आक्वा नॉन पोताबिले’ लिहिले असेल तर ते पाणी पिण्याचे नाही. उंचावरच्या काही निवाऱ्यांत पावसाचे पाणी साठवतात, तिथे बाटलीबंद पाणी विकत घ्यावे लागते. अंघोळीला गरम पाणी नाणे-टोकन टाकून, काही मिनिटांपुरतेच मिळते. लागात्सुओइसारख्या ठिकाणी पाण्याची चणचण असते, अंघोळ तिथे नाही झाली तर चिडू नका.

प्रश्न : वीज आणि अपघात यांची भीती वाटते.

विजेची धास्ती योग्य आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी निरभ्र आणि दुपारी दोननंतर ढग, असा क्रम वारंवार असतो. चमक आणि गडगडाट यांतले सेकंद मोजा, तिनाने भागले की किलोमीटर येतात. तीस सेकंदांच्या आत आले तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, धार आणि खिंड सोडायची वेळ झाली. लोखंडी तारा, शिड्या, एकटे झाड आणि गुहेच्या तोंडापासून दूर व्हा, एकमेकांत अंतर ठेवा, काठ्या बाजूला ठेवून सॅकवर पाय जुळवून उकिडवे बसा. दहा जणांनी एकत्र घोळक्यात बसू नये.

मदतीसाठी 112. गावाचे नाव पुरेसे नाही, वाटेचा क्रमांक आणि दोन निवाऱ्यांची नावे सांगा. फोन नसेल तर मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा प्रकाश, मग एक मिनिट थांबा. उत्तरादाखल मिनिटाला तीन इशारे आले की समजा, तुमचा इशारा पोहोचला आहे. हेलिकॉप्टरला हो म्हणायचे तर दोन्ही हात वर करून Y आकार करा.

विमा घेताना दोन गोष्टी पाहा : किमान 3,000 मीटर उंचीपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टरने शोध-बचाव. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते, पण त्या पॉलिसीत डोंगरातली सुटका असेलच असे नाही. व्हेनेतो प्रांतात जखम नसताना नुसते अडकलात म्हणून हेलिकॉप्टर बोलावले तर बिल येते. पॉलिसीचा कागद वाचून घ्या, दलालाच्या तोंडी हमीवर भागवू नका.

प्रश्न : ब्राइएसला पोहोचायचे कसे आणि आल्लेगेहून परत कसे यायचे?

रेल्वेने फोर्तेत्सापर्यंत, तिथे गाडी बदलून पुस्तेर्ताल मार्गाने दोब्बियाकोपर्यंत (जर्मन पाट्यांवर टोब्लाख), तिथून 442 क्रमांकाची बस तळ्यापर्यंत. रेल्वेमार्गावर काम असल्यास बदली बस असते, म्हणून निघायच्या आठवड्यात वेळापत्रक पाहा. व्हेनिसहून थेट कोर्तिनाची बस धरली तर कोर्तिना ते दोब्बियाको 445 आहे. भर उन्हाळ्यात दिवसा तळ्याकडची गाड्यांची वाट बंद ठेवतात आणि बससुद्धा आधी आरक्षित करावी लागते. दहा जणांनी आदल्या रात्री दोब्बियाको किंवा विल्लाबास्सात राहून पहाटेची बस धरावी.

परतीला कोल्दाईहून पियानी दि पेत्सेपर्यंत उतरून आल्लेगेला जाता येते, रज्जुमार्ग सुरू असेल तर शेवटचा उतार वाचतो. सप्टेंबरमध्ये तो लवकर बंद होतो, तारीख पाहा. आल्लेगेचे तळे 1771 साली पीत्स डोंगराची दरड कोसळून नदी अडल्याने तयार झाले, बस थांबा त्याच्याच काठच्या गावात आहे. तिथून आगोर्दोमार्गे बेल्लुनो, आणि बेल्लुनोहून व्हेनिसची रेल्वे. रविवारी बस फार कमी असतात. सातवा दिवस रविवारी येत असेल तर सुरुवात एक दिवस मागे किंवा पुढे सरकवा.

प्रश्न : नकाशा कोणता घ्यायचा?

ताबाक्को प्रकाशनाचे 1:25,000 प्रमाणाचे. ब्राइएससाठी 031, कोर्तिनासाठी 03, चिवेत्तासाठी 015. फोनमध्ये नकाशा उतरवून ठेवाच, पण थंडीत बॅटरी अचानक उतरते आणि दऱ्यांत नेटवर्क नसते. निवाऱ्यांत रोख रकमेची सोयही ठेवा : कार्ड यंत्र बंद पडले की दहा जणांच्या पेयांचे बिल युरोच्या नोटांनीच भागते. माणशी दीडशे-दोनशे युरो रोख ठेवले की पुरे.